एवढं लांब जातोच आहोत तर...

मराठी माणूस युरोपला जातो तो युरोप उरकायला. दहा-बारा दिवसांत सात-आठ देश, रोज सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, साडेसातला बसमध्ये आपापल्या जागेवर. परत आल्यावर कुणी 'काय काय राहिलं?' असं विचारलं आणि 'तसं फार काही नाही' असं सांगता आलं, की यात्रा सुफळ संपूर्ण. अशा घरात 'सगळे दिवस एकाच शहरात राहायचंय, आणि तेही शक्य तेवढ्या छोट्या' असं मी म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी आधी माझी झोप नीट होते ना, याची चौकशी केली.

युरोपातल्या लोकांचं बरं असतं. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून परस्पर विमानतळ गाठायचा, दोन तासांत दुसऱ्या देशाच्या राजधानीत उतरायचं, शनिवार-रविवार पाय मोकळे करायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर. पाठीवर एक पिशवी, तीत दोन कपडे. याला ते सिटी ब्रेक म्हणतात. आपला ब्रेक सुरू होण्याआधी द्रुतगती मार्ग, त्यावरचा घाट, घाटात बंद पडलेला कंटेनर, मुंबईचा विमानतळ, तिथली मध्यरात्र, मग कुठलं तरी परकं शहर आणि तिथून दुसरं विमान इतकं सगळं येतं. एवढी यातायात करून माणूस पोचणार, आणि पोचून नदीकाठी कॉफी पीत बसणार, हे आपल्या हिशेबी मनाला पटत नाही. मग घरातलं कुणीतरी, बहुधा जो येणार नसतो तोच, ते वाक्य उच्चारतो: एवढं लांब जातोच आहोत तर...

शहराची निवड मी केली आणि तक्ता नवऱ्याने केला. तो बँकेतून निवृत्त झालाय. समोर तक्ता नसला तर त्याला भाजी आणायलाही सुचत नाही. तक्त्यात युरोपातल्या यच्चयावत छोट्या राजधान्या होत्या. लिश्टेनश्टाइनची वाडुझ पहिल्या फेरीत बाद झाली. वस्ती सहा हजारांच्या आत, विमानतळ नाही, स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही; नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये गाव संपेल, मग रात्री काय करायचं? माल्टाची व्हॅलेटा एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. रेक्याविकमधल्या जेवणाचे दर बघून आम्ही दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वे सगळ्यांना फुकट आहे, हे वाचून नवरा त्या ओळीवर बराच वेळ रेंगाळला. ब्रातिस्लाव्हा मला आवडलं होतं, पण ते व्हिएन्नापासून तासाभरावर. म्हणजे 'व्हिएन्नालाच राहा आणि एक दुपार जाऊन या' असं कुणीतरी म्हणणार, आणि ते म्हणणारं माणूस आमच्याच घरात असणार.

उरलं ल्युब्लियाना. स्लोव्हेनियाची राजधानी. वस्ती तीन लाखांच्या आतबाहेर, मधून नदी, नदीवर पुलांची रांग, टेकडीवर किल्ला, आणि मध्यभागात मोटारींना बंदी. आपल्याकडे पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात एक दिवस पादचारी दिन पाळतात. तिथे तो २००७ पासून सुरू आहे, अजून संपलेला नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी पालिकेच्या छोट्या विजेच्या गाड्या आहेत, हात केला की थांबतात, पैसे घेत नाहीत. हात केल्यावर थांबणारं आणि पैसे न घेणारं वाहन या जन्मी बघायचंच, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

ही बातमी फुटल्यावर पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येक फोनची सुरुवात 'स्लोवाकिया ना?' अशीच झाली. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. १९९९ मध्ये जॉर्ज बुश यांनी, तेव्हा ते टेक्ससचे गव्हर्नर होते, एका स्लोवाक पत्रकाराला 'तुमचे नेते मला भेटून गेले की' असं सांगितलं होतं. भेटून गेले होते ते स्लोव्हेनियाचे पंतप्रधान. बुश पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, तेव्हा भूगोलावाचून कुणाचं अडत नाही हे उघड आहे.

देश केवढा, हा दुसरा प्रश्न. क्षेत्रफळ २० हजार चौरस किलोमीटरच्या किंचित वर. आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, १७ हजारांचा. माणसं मात्र सगळी मिळून २१ लाख, म्हणजे नगरच्या निम्मीही नाहीत. हे मी नगरच्या आत्येसासऱ्यांना कौतुकाने सांगायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "मग आमच्याकडेच या की. किल्ला आहे. तळं पाहिजे तर भंडारदरा आहे. त्यांचं सगळ्यात उंच शिखर बघायचंय का? आमच्याकडे कळसूबाई आहे." त्रिग्लाव्ह २,८६४ मीटर आणि कळसूबाई १,६४६, असं सांगून मी बाजू सावरायला बघितली. "वर दम लागायचा तो लागतोच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यानंतर घरातले सगळे कामाला लागले. मावशी म्हणाली, व्हेनिस तिथून बसने चारेक तासांवर आहे, एवढं लांब जातोच आहात तर एक रात्र टाका. नणंदेला व्हिएन्ना जवळ वाटलं. रेल्वेने सहा तास लागतात, पण वाटेत सेमरिंगचा घाट लागतो म्हणे. लागतो हे खरं. १८५४ चा घाट, आपल्या बोरघाटाच्या रुळांहून नऊ वर्षांनी जुना, युनेस्कोच्या यादीतला. पण पुण्याच्या माणसाने घाटात बसून राहायला युरोपला कशाला जायचं? भाच्याने झाग्रेब सुचवलं. तिथे त्याचा कुणी मित्र नाही, काही काम नाही, नकाशावर जवळ दिसलं एवढंच. क्रोएशियानेही २०२३ पासून युरो घेतला आहे आणि शेंगेनमध्ये प्रवेश केला आहे, त्यामुळे 'व्हिसाची अडचण' ही माझी हक्काची ढालही गेली. छोट्या राजधानीचं हे दुर्दैव असतं की तिचे सगळे शेजारी तिच्याहून प्रसिद्ध असतात, आणि तिच्याकडे निघालेला माणूस वाटेतच पळवला जातो.

इथे मला अनपेक्षित मदत झाली ती युरोपच्या कायद्याची. शेंगेन व्हिसाचा नियम असा: २९ देश एका व्हिसावर फिरा, पण अर्ज कुठे करायचा हे तुम्ही ठरवायचं नाही, तुमच्या रात्री ठरवणार. ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. म्हणजे सहलीत बहुमत लागतं. व्हेनिसला एक, झाग्रेबला एक, व्हिएन्नाला दोन अशा रात्री वाटत गेलं की ल्युब्लियानाकडे दोनच उरतात, आणि ज्या शहरासाठी आपण निघालो ते आघाडीतला घटकपक्ष होऊन बसतं. बरोबरी झाली, कुणालाच बहुमत नाही, तर शेंगेनच्या हद्दीत ज्या देशातून पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडे जायचं. आम्ही फ्रँकफर्टला विमान बदलणार होतो. "म्हणजे अर्ज जर्मनीकडे?" नवऱ्याने चष्मा काढला. "जिथे आपण फक्त विमानतळावरचं स्वच्छतागृह बघणार?"

मी ही संधी सोडली नाही. घरच्या गटावर रात्रींचा हिशेब टाकला, खाली नियम टाकला, आणि कुणाचीही एक रात्र वाढवली तरी सगळी कागदपत्रं पुन्हा करावी लागतील असं लिहिलं. मावशीने 'ओके' म्हणून हात जोडलेलं चित्र पाठवलं. नणंदेने काही पाठवलं नाही. ल्युब्लियाना सगळ्या रात्रींनिशी निवडून आलं.

कागदपत्रांबद्दल लिहावं तेवढं थोडं, पण ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलं नाही त्यांना पटणार नाही. फोटोचं मात्र सांगते. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहऱ्याने ७० ते ८० टक्के जागा व्यापलेली. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओतल्या मुलाला हे पाठ होतं. "शेंगेन ना काकू? कान दिसू द्या. दात नकोत. भुवया खाली. अजून खाली. आता काही विचारच करू नका." हसरा फोटो चालत नाही. सुट्टीला निघालेल्या माणसाने सुट्टीचा आनंद झाल्याचं दाखवायचं नाही, हे त्या फोटोचं मुख्य तत्त्व. नवऱ्याचा फोटो पहिल्याच फटक्यात पास झाला.

मग कमीत कमी ३० हजार युरोचा प्रवासविमा, माणशी ९० युरो व्हिसाचं शुल्क, खातेउतारे, आयकराची विवरणपत्रं, आणि व्हिसा मिळायच्या आधीच हॉटेल आणि विमान दोन्ही आरक्षित केल्याचा पुरावा. आयुष्यभर लोकांना शिल्लक रकमेचे दाखले देत आलेला माणूस स्वतःच्या मुदत ठेवींच्या पावत्या पारदर्शक फोल्डरमध्ये तारीखवार लावत होता, आणि मधूनच, सवयीने, वरच्या कोपऱ्यात टिकमार्क करत होता. नकार मिळालाच तर त्यासाठीही एक छापील नमुना आहे. त्यात कारणं दिलेली असतात आणि लागू असेल त्यापुढे खूण करतात. त्यातलं एक कारण असं की मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही. हे वाचून नवरा मनापासून दुखावला. पुण्याहून निघालेला माणूस पुण्याला परत येणार नाही, ही शंका आजवर त्याच्यासमोर कुणी बोलून दाखवली नव्हती.

आणि या सगळ्यावर कळस म्हणून कव्हरिंग लेटर, त्याला जोडून दिवसवार कार्यक्रम. कुठल्या दिवशी, काय बघणार. इथे छोट्या राजधानीने खरी परीक्षा घेतली.

नवऱ्याने रकाने आखले होते: वार, वेळ, स्थळ, लागणारा वेळ, प्रवेशशुल्क, शेरा. वेळेचा सगळ्यात छोटा तुकडा पंधरा मिनिटांचा. पहिल्याच ओळीत गाडी अडली. किल्ल्यावर जायला २००६ पासून काचेची रेल्वे आहे, ती मिनिटभरात वर पोचते.

"एक मिनिट?"

"एक मिनिट."

"मग पायी चढू. निदान पंधरा-वीस मिनिटं तरी जातील."

किल्ला ठीक होता. किल्ल्याला अर्धा दिवस देता येतो, पुण्याच्या माणसाला सवय असते. पुढची ओळ त्रोमोस्तोव्ह्ये, म्हणजे तीन पूल. पूर्वी तिथे १८४२ चा एकच दगडी पूल होता. गर्दी वाढली तेव्हा योझे प्लेचनिक या वास्तुविशारदाने तो पाडला नाही, रुंद केला नाही, दोन्ही अंगांना पायी जाणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडून दिला. १९२९ ते १९३२ या काळातलं काम. एका नदीवर, एकाच जागी, शेजारी शेजारी तीन पूल. मुळा-मुठेवर असं झालं असतं तर तिन्हींची नावं ठरवायला चार निवडणुका गेल्या असत्या.

"ओलांडायला किती वेळ?"

"अर्धं मिनिट."

"तिन्ही?"

शेवटी त्याने 'स्थापत्य निरीक्षण' असा शेरा मारून तिथे पाऊण तास लावला. तसं बघितलं तर प्लेचनिकवरच एक आख्खा दिवस निघतो. नदीचे काठ, बाजारातली खांबांची ओळ, राष्ट्रीय ग्रंथालय, दफनभूमीचं प्रवेशद्वार: एका माणसाने गावाला जगायची आणि मरायची दोन्ही सोय करून ठेवली, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याच्या कामाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राजवाडे नाहीत, दिपवणारं काही नाही. बसायच्या जागा, दिवे, पायऱ्या, कठडे. एखाद्या शहराचा वारसा हा बसायच्या जागांचा असावा, हे मला फार आवडलं. मात्र अशा वारशाचं तिकीट नसतं, त्यामुळे तक्त्यातला प्रवेशशुल्काचा रकाना ओळीने शून्य भरत चालला. नवऱ्याला ते आधी सुखावह आणि नंतर संशयास्पद वाटू लागलं.

ड्रॅगनचा पूल तिथून हाकेच्या अंतरावर, १९०१ सालचा, काँक्रीटचा. चार कोपऱ्यांत चार हिरवे ड्रॅगन पंख पसरून बसलेत. गावातले काही लोक या पुलाला प्रेमाने 'सासू' म्हणतात, असं मी जेवताना वाचून दाखवलं. नवऱ्याने भाताकडे लक्ष दिलं. सासूबाई म्हणाल्या, "बघू फोटो." मी फोन पुढे केला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला. "चांगला रुबाबदार आहे की," त्या म्हणाल्या, आणि ताक वाढून घेतलं.

मुख्य चौक कवीच्या नावाचा आहे. फ्रान्त्से प्रेशेरेन, १८०० ते १८४९. त्याच्या पुतळ्यामागे काव्यदेवता हातात फांदी धरून बसलीय, अंगावर जेमतेम वस्त्र, आणि समोर फ्रान्सिस्कनांचं चर्च. १९०५ मध्ये पुतळा बसला तेव्हा धर्मगुरू अस्वस्थ झाले. मग मध्ये झाडं लावून दोघांचीही सोय करण्यात आली. पुतळ्याची नजर जिकडे आहे तिकडे, चौकापलीकडच्या एका घराच्या भिंतीवर, यूलिया प्रिमित्सचं उठावशिल्प आहे. या बाईवर कवीने कविता केल्या आणि तिने लग्न दुसऱ्याशी केलं. गावाने दोघांना समोरासमोर बसवून हिशेब पुरा केला. प्रेशेरेनचा मृत्युदिन, ८ फेब्रुवारी, स्लोव्हेनियात सार्वजनिक सुट्टी असते. कवी गेला म्हणून देशाला सुट्टी! आपण २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी परिपत्रक निघतं, सुट्टी नाही. नवऱ्याला यात कवितेपेक्षा सुट्टीचं महत्त्व अधिक वाटलं आणि त्याने सहल फेब्रुवारीत नेता येईल का ते बघितलं. तिथलं फेब्रुवारीतलं तापमान बघून त्याने कवीला मनोमन अभिवादन केलं आणि सहल मे महिन्यात ठेवली.

शहराच्या संग्रहालयात एक लाकडी चाक आहे. २००२ मध्ये गावाबाहेरच्या दलदलीत, आसासकट सापडलं. वय पाच हजार वर्षांहून थोडं अधिकच. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी चाकांपैकी एक. पाच हजार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे चाक होतं त्यांनीच आपल्या गावातून मोटारी काढून टाकल्या, यावर विचार करायला मी तासभर मागितला. चाकाला वीस मिनिटं मंजूर झाली.

एवढं भरूनही दोन दिवसांच्या वर कार्यक्रम जाईना, आणि भांडणाला सुरुवात झाली. मला त्या मोकळ्या जागा हव्या होत्या. गाव छोटं निवडण्यामागे तेच तर कारण. पॅरिसमध्ये हॉटेलात दुपारची झोप काढली तर स्वप्नात लूव्र येऊन जाब विचारतं. इथे झोपलात तर गावाचं काही बिघडत नाही आणि तुमचंही काही हुकत नाही. जागे झालात की ते तिथेच असतं, चालत दहा मिनिटांवर. पण रिकामी ओळ नवऱ्याला बघवेना, आणि वकिलातीलाही बघवणार नाही असं त्याचं म्हणणं. "हा माणूस सहा हजारांहून जास्त किलोमीटर येऊन मंगळवारी दुपारी काय करणार, असं ते विचारतील." मी म्हटलं, "कॉफी पिणार." तो म्हणाला, "हे परत न जाणाऱ्या माणसाचं लक्षण आहे."

वारांचं गणित त्याहून नाजूक निघालं. बाजाराच्या चौकात दर शुक्रवारी 'उघडं स्वयंपाकघर' भरतं. गावातल्या खानावळी आपापल्या शेगड्या घेऊन रस्त्यावर येतात. पण फक्त शुक्रवारी, फक्त मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, आणि फक्त पाऊस नसेल तर. त्यात ल्युब्लियानाला वर्षभरात पुण्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. उलट रविवारी, २०२० च्या कायद्यानुसार, बहुतेक दुकानं बंद. थोडक्यात, शुक्रवार सापडला पाहिजे, रविवार टळला पाहिजे, आणि ढगांची संमती पाहिजे. हा योग पंचांगातही मिळाला नसता. विमानाची तिकिटं स्वस्त होती ती नेमकी शनिवारी पोचणारी. त्या ओळीसमोर नवऱ्याने लाल रंग भरला आणि दोन दिवस कुणाशी फारसा बोलला नाही. अखेर आम्ही थोडे पैसे जास्त मोजून गुरुवारी उतरायचं ठरवलं. आमच्या घराण्यात खाण्यासाठी वार बदलण्याची प्रथा एरवी फक्त उपवासाच्या बाबतीत आहे.

खाण्याचा विषय निघाल्यावर सासूबाई पुढे सरसावल्या. तिथलं काय चालेल? श्त्रुक्लि चालतील: पिठाच्या गुंडाळ्या, आत ताज्या चीजचं नाहीतर अक्रोडाचं सारण. पोतित्सा नावाची अक्रोडाची गोड वळकटी चालेल. कुट्टूच्या पिठाचं बरंच काही मिळतं. सॉसेजचं नाव त्यांनी ऐकून घेतलं नाही. तिवोली बागेजवळ घोड्याच्या मांसाचा बर्गर मिळतो, हे मी त्यांच्यापासून लपवलं आणि भाच्याने सांगितलं.

"मग डबा बरोबर दिलेला बरा," असं म्हणून त्यांनी यादी काढली. यादीतलं तूप गेलं, पेढे गेले. युरोपियन संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. हापूसही गेला, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, केळी, खजूर, दुरियन आणि नारळ.

"नारळ चालतो?" सासूबाईंनी मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. युरोपियन संघाबद्दल त्यांचं मत त्या क्षणापासून बदललं. "मग ओटी भरता येईल," त्या म्हणाल्या. कुणाची, हे मी विचारलं नाही. समोर टेबलावर ड्रॅगनचा फोटो अजून उघडाच होता.

एक तडजोड मात्र करावी लागली. ब्लेडचं सरोवर ल्युब्लियानाहून बसने सव्वा-दीड तासावर; मुक्काम हलत नाही, बहुमत ढळत नाही, आणि मावशीला 'आजूबाजूचं बघितलं' असं सांगता येतं. मध्ये बेट, बेटावर चर्च, चर्चपर्यंत ९९ पायऱ्या. तिथे लग्न करणाऱ्या नवरदेवाने नवरीला उचलून या पायऱ्या चढायच्या आणि नवरीने त्या वेळात अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत आहे. नवऱ्याने आधी स्वतःच्या गुडघ्याचा आणि मग माझ्या गप्प बसण्याचा विचार केला, आणि दोन्ही अशक्य म्हणून शेऱ्यात 'फक्त काठावरून' असं लिहिलं. काठावर क्रेमश्निता मिळते, १९५३ पासून एका हॉटेलात करतात ती कस्टर्ड आणि मलईची चौकोनी वडी, सात सेंटिमीटर बाय सात सेंटिमीटर. पदार्थाचं माप सेंटिमीटरमध्ये नोंदवलेलं बघून नवरा या देशावर एकदम प्रसन्न झाला. पोस्तोयना गुहेचं मी नावच काढलं नाही. २४ किलोमीटरची गुहा आहे, आत १८७२ पासून रेल्वे आहे. एवढं ऐकलं असतं तर माझी उरलीसुरली मोकळी दुपार त्या बोगद्यात गेली असती.

ती दुपार मात्र शेवटपर्यंत वादात राहिली. मी जेम्स जॉइसचा दाखला दिला. १९०४ च्या ऑक्टोबरात जॉइस आणि नोरा झुरिककडून त्रिएस्तला निघाले होते. रात्री गाडी थांबली, आपलं गाव आलं असं समजून दोघं उतरले, गाडी निघून गेली. ते होतं ल्युब्लियाना. रात्र त्यांनी स्टेशनाजवळच्या बागेत काढली आणि दुसऱ्या दिवशी पुढे गेले. तेवढ्यावर स्टेशनात त्याच्या आठवणीचा फलक बसवला आहे. मी म्हटलं, "बघ, काहीही न ठरवता एक रात्र काढली तर लोक फलक लावतात."

नवऱ्याने नीट ऐकून घेतलं. "हॉटेल बुक केलं नव्हतं?"

"नाही."

"प्रवासविमा?"

"१९०४ साली?"

"आणि बायको काही बोलली नाही?"

त्यांचं अजून लग्न झालं नव्हतं, असं मी सांगितलं. "तरीच," तो म्हणाला, आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून मंगळवार दुपारच्या रिकाम्या ओळीत त्याने टाइप केलं: रेल्वे स्टेशन, जॉइस फलक, पंधरा मिनिटं, प्रवेशशुल्क शून्य, शेरा: उतरण्याआधी पाटी वाचणे.